पर्माफ्रॉस्ट वितळतंय आणि तळ्यात निकेल? (उंचावरच्या सरोवरांच्या पाण्याबद्दल)

अश्मजा | सोमवार, रात्री १०:१५

लडाखच्या फोटोंच्या धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "पाणी इतकं नितळ की सरळ ओंजळीने प्यायलो." मी खाली फक्त "जपून" लिहिलं, तर व्यनि (खासगी निरोप) सुरू झाले की जपून म्हणजे नक्की काय. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा हा धागाच काढते.

मी भूशास्त्र शिकले आणि सध्या इन्सब्रुकला असते. इथून नैर्ऋत्येला रेशेन खिंड ओलांडली की इटली लागतं. (पाण्यातून चर्चचा मनोरा वर आलेला फोटो बऱ्याच जणांनी पाहिला असेल, ते धरणाचं सरोवर तिथलंच.) तिथून वर चढत गेलं की २६८२ मीटरवर रासास नावाचं एक लहानसं तळं आहे. आसपास गाव नाही, शेत नाही, कारखाना नाही. १९८० च्या दशकात त्याचं पाणी तपासलेलं होतं. वीसेक वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा मॅग्नेशियम ६८ पट, सल्फेट २६ पट आणि कॅल्शियम १३ पट झालेलं. निकेल तर पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या दहा पटींच्याही वर. हे २००७ साली प्रसिद्ध झालं. ऑस्ट्रियाच्या बाजूला सोल्डेनच्या वर २७९६ मीटरवर श्वार्झसे नावाचं दुसरं तळं आहे. तिथेही क्षार वाढलेत, पण बरेच कमी.

दोन्ही तळ्यांच्या वरच्या अंगाला रॉक ग्लेशियर आहे. लांबून पाहिलं तर दगडांचा नुसता ढिगारा वाटतो. पोटात मात्र बर्फ असतो आणि तो सगळा ढीग वर्षाला काही सेंटिमीटर ते मीटरभर असा खाली सरकत राहतो. डोंगरावरच्या पर्माफ्रॉस्टचंच हे एक रूप. (सलग दोन वर्षं किंवा जास्त काळ जमीन शून्याखाली राहिली की तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. त्यात बर्फ असलाच पाहिजे असं नाही.) हा पोटातला बर्फ वितळून जे पाणी तळ्यात उतरतं, त्यानेच हा फरक पडला असं त्या शास्त्रज्ञांचं म्हणणं.

बर्फ वितळला तर पाणी आणखी शुद्ध व्हायला हवं, मग हे उलटं कसं, हे प्रतिसादांत बोलू. आत्ता झोपते.

मोगरा | सोमवार, रात्री १०:४०

वाचतेय. आणि तुम्ही झोपू नका. :)

भटक्या_सांगलीकर | सोमवार, रात्री ११:०५

ओंजळीने पिणारा मीच! तब्येत ठणठणीत आहे.
टीडीएस मीटर घेऊन गेलो होतो. घरच्या फिल्टरपेक्षा कमी आकडा आला, म्हणून प्यायलो. मग यात चुकलं काय?

नळदुर्गकर | मंगळवार, सकाळी ६:५०

सांगलीकर, मी पाणीपुरवठ्यात नोकरी करून निवृत्त झालो, म्हणून मीटरबद्दल बोलायचा हक्क बजावतो.

तो मीटर क्षार मोजत नाही, पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो. त्याला एका ठरावीक आकड्याने गुणून पडद्यावर 'पीपीएम' दाखवतो, इतकंच. आता हिशोब पाहा. आपल्याकडच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, निकेलची मर्यादा लिटरला ०.०२ मिलिग्रॅम आहे, म्हणजे २० मायक्रोग्रॅम. त्याच्या दहापट निकेल धरलं तरी ०.२ पीपीएम होतं. तुमचा मीटर पूर्ण आकडे दाखवतो. निकेल वीस पट झालं तरी त्याला पत्ता लागणार नाही. समजा आकडा ४० आला, तर पाण्यात क्षार कमी, एवढाच त्याचा अर्थ. त्या ४० मध्ये काय काय आहे ते मीटरला कळत नाही.

पाणी उकळून निकेल जात नाही, उलट वाफ गेल्यामुळे थोडं वाढतंच. क्लोरीनच्या गोळ्यांनी जात नाही, यूव्हीने जात नाही. आरओने जातं, पण स्पितीतल्या चंद्रतालसारख्या तळ्यावर आरओ कुठून आणणार?

आणि घाबरू नका. ही मर्यादा रोज, आयुष्यभर पिणाऱ्या माणसासाठी असते. ओंजळभर पाण्यातल्या निकेलने काही होत नाही. ओंजळभर पाण्यातल्या जंतूंनी होतं. वर घोडी-मेंढ्या चरत असतील तर पाणी गाळून, उकळूनच प्यावं.

अश्मजा | मंगळवार, दुपारी १:२०

काका, दंडवत. माझं अर्धं काम तुम्हीच केलंत.

आता उलटं कसं होतं ते. मला दिसतात ती दोन कारणं, आणि त्यांतलं कुठलं मोठं यावरच खरा वाद आहे.

पहिलं कारण बर्फाचं. पाणी गोठताना स्फटिक विरघळलेले क्षार आत घेत नाही, बाहेर ढकलतो. ते कणांच्या कडांवर, फटींत साचतात. वितळायला लागलं की आधी तेच सुटतात. बर्फाचा गोळा चोखताना रंग आणि गोडी आधी निघून जाते आणि हातात पांढरा बर्फ उरतो, तसं. मोसमी बर्फात, म्हणजे दरवर्षी पडून वितळणाऱ्या स्नोमध्ये, हे नीट मोजलेलं आहे. वितळण्याच्या पहिल्या पाण्यात क्षार जास्त असतात. रॉक ग्लेशियरमधला बर्फ तर जुना असतो. इटलीतल्या श्नाल्स खोऱ्यात लाझाउन नावाच्या रॉक ग्लेशियरमध्ये २०१० साली ड्रिलिंग करून गाभा काढला. त्यात सापडलेला बर्फ दहा हजार तीनशे वर्षांपर्यंत जुना निघाला. इतका काळ दगडाला चिकटून राहिलेल्या बर्फात काय काय उतरलं असेल!

दुसरं कारण दगडाचं, आणि माझ्या मते मोठं कारण हेच. या भागातले खडक रूपांतरित आहेत, शिस्ट आणि नाइस. त्यांत पायराइटसारखी सल्फाइड (धातू आणि गंधकाची) खनिजं असतात. जमीन गोठलेली असते तोवर पाणी आणि हवा त्यांच्यापर्यंत पोचत नाही. वितळली की दोन्ही आत शिरतात. पायराइट, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की सल्फ्यूरिक आम्ल तयार होतं, पायराइटच्या एका रेणूमागे आम्लाचे दोन. हे आम्ल शेजारच्या खनिजांतून मॅग्नेशियम, कॅल्शियम, ॲल्युमिनियम, मँगनीज, निकेल, झिंक असं सगळं बाहेर काढतं. बंद पडलेल्या खाणींतून जे आम्लधर्मी पाणी गळतं, त्याचं रसायनशास्त्र हेच. इथे फक्त खाण कुणी खणलेली नाही.

चिकित्सक_चिंतू | मंगळवार, दुपारी ३:०२

माझे तीन आक्षेप.
१. ६८ पट ऐकायला भारी वाटतं, पण मुळात किती होतं? शून्याच्या जवळचा आकडा कितीही पटींनी वाढवता येतो.
२. युरोपात ॲसिड रेन होतच होता की. सल्फेट आकाशातून आलं नाही कशावरून?
३. दोन तळी म्हणजे जग नव्हे.

अश्मजा | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

पहिला आक्षेप रास्त आहे. अशा खडकांतल्या तळ्यांचं मूळ पाणी जवळपास डिस्टिल्ड वॉटरच्या वळणाचं असतं, त्यामुळे पटींवर जाऊ नये. निकेल मात्र पटींत सांगितलेलं नाही, ते थेट पिण्याच्या मर्यादेशी ताडून पाहिलंय. आणि मूळ पाण्यात काहीच नसतं, तेच खरं तर नडतं. आम्ल जिरवायला बायकार्बोनेट नसेल तर थोड्याशा आम्लानेही सामू (पीएच) घसरतो.

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. युरोपातलं गंधकाचं प्रदूषण १९८० च्या दशकानंतर जोरात उतरलं. आकाशातून येणारं कमी होत असताना तळ्यातलं वाढतंय. शिवाय पाऊस शेजारशेजारच्या दोन्ही तळ्यांवर सारखाच पडतो. रासासच्या परिसरात दोन शेजारी पाणवठ्यांची तुलना झाली आहे. रॉक ग्लेशियरचं पाणी येतं त्याचा सामू पाचच्या आसपास आणि त्यात धातू. दुसऱ्यात ते येत नाही, तर ते ठीकठाक.

तिथे धातू मोजून थांबले नाहीत, तळाच्या गाळातल्या अळ्याही तपासल्या. कायरोनोमिड म्हणून चिलटासारखे न चावणारे कीटक असतात. त्यांच्या अळ्या गाळात राहतात आणि डोक्याचं कवच कायटिनचं असल्यामुळे हजारो वर्षं टिकतं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की जबड्याची दातेरी पट्टी दिसते. एरवी दोन्ही बाजूंना सारखी, नीट कापलेली. धातूंच्या पाण्यात वाढलेल्या अळ्यांत तिचे दात गळालेले, एकमेकांत मिसळलेले, वेडेवाकडे. मी स्लाइड पाहिली आहे. सवय नसलेल्या डोळ्यालाही फरक कळतो.

मोगरा | मंगळवार, रात्री ८:१०

बापरे. म्हणजे वरून निळंशार, आणि खाली ही तऱ्हा.

लॅबवाली | मंगळवार, रात्री ९:४५

निळंशार असण्याचंही एक कारण आहे. पाणी आम्लधर्मी होऊन त्यात ॲल्युमिनियम आलं की ते पाण्यातले सेंद्रिय, पिवळसर रंग देणारे पदार्थ धरून खाली बसवतं. पाणी आणखी नितळ दिसतं. तुरटी फिरवल्यावर गढूळ पाणी निवळतं तेही ॲल्युमिनियममुळेच. तेव्हा नितळपणावरून काही ठरवू नका.

खूण पाहायचीच असेल तर तळ्यात नको, तळ्याला मिळणाऱ्या ओहोळांत पाहा. दगडांवर नारिंगी लेप असेल तर लोह. पांढरा, दुधासारखा लेप असेल तर ॲल्युमिनियम. आम्लधर्मी पाणी चांगल्या पाण्याला मिळतं, सामू वर जातो आणि ॲल्युमिनियम दगडांवर बसतं. आल्प्समध्ये अशा पांढऱ्या ओहोळांवर अलीकडे बरंच काम झालंय. पण चुनखडीचाही पांढरा थर बसतो, तेव्हा नुसत्या फोटोवरून निदान करू नये.

तुळतुळीत | मंगळवार, रात्री १०:३०

२०२० मध्ये आपलं लोणार गुलाबी झालं होतं, ते यातलंच का?

अश्मजा | मंगळवार, रात्री १०:५०

नाही. लोणारला बर्फाचा संबंध नाही. पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया सूक्ष्मजीवांनी रंग दिला. पुण्याच्या आघारकर संस्थेने ते तपासलं होतं. सह्याद्रीत पर्माफ्रॉस्ट नाही, त्यामुळे महाराष्ट्राने या बाबतीत निवांत असावं.

पण लोणारचा एक धडा लडाखला लागू आहे. पाणी बाहेर जायला वाट नाही अशा तळ्यात जे येतं ते साचतं. पँगाँग खारट आहे, त्सो कार तर मिठागरच. तिथले क्षार बाष्पीभवनाने हजारो वर्षं साचलेत. पर्माफ्रॉस्टमुळे त्यात काही भर पडत असली तरी त्या खाऱ्या पाण्यात ती ओळखू येणार नाही. म्हणून असं काही शोधायचं तर बाहेर वाट असलेलं, गोड्या पाण्याचं, लहान तळं घ्यावं लागतं आणि त्याच्या माथ्यावर रॉक ग्लेशियर हवं. चंद्रताल बऱ्यापैकी मोठा आहे. त्याहून लहान, नाव नसलेली तळी जास्त उपयोगाची.

चिकित्सक_चिंतू | बुधवार, सकाळी ८:२५

तिसऱ्या आक्षेपाचं उत्तर राहिलं. आणि आल्प्सवरून उडी मारून तुम्ही थेट लडाखात पोचलात.

अश्मजा | बुधवार, दुपारी १२:४०

राहिलं नाही, सवडीने लिहायचं होतं.

कोलोराडोत रॉकी माउंटन नॅशनल पार्कमध्ये लॉक व्हेल नावाचं खोरं आहे. तिथलं पाणी १९८० च्या दशकापासून तपासतात. २००० नंतर नायट्रेट वाढलं आणि संशय वितळणाऱ्या बर्फावर आणि रॉक ग्लेशियरवर आहे. म्हणजे दर ठिकाणी निकेलच येईल असं नाही. तिथे नायट्रेट, इथे सल्फेट. अलास्कात ब्रुक्स पर्वतरांगेत ७५ ओढे-नद्या नारिंगी झाल्याचं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. काही उपनद्यांचा सामू २.३ पर्यंत उतरला होता. ती सरोवरं नव्हेत, उंचीही फार नाही, पण कारण तेच. पर्माफ्रॉस्ट वितळला आणि सल्फाइडला हवा लागली.

हिमालयात एव्हरेस्टच्या पायथ्याशी लोबुचेजवळ सुमारे ५०५० मीटरवर इटालियनांची पिरॅमिड प्रयोगशाळा आहे. तिथल्या तळ्यांचं पाणी १९९० च्या दशकापासून तपासलं जातंय. तिथेही क्षार वाढले, विशेषतः सल्फेट. पण तिथे बोट हिमनदीकडे दाखवलंय. हिमनदीच्या तळाशी दगड दळला जातो, सल्फाइडचं ऑक्सिडीकरण होतं आणि हिमनदी वितळते तसं ते पाणी बाहेर पडतं. पेरूत कॉर्डिलेरा ब्लांकामध्येही हिमनद्या मागे सरकल्या आणि उघड्या पडलेल्या खडकातून आम्लधर्मी पाणी आलं. या दोन्ही गोष्टी पर्माफ्रॉस्टच्या नावावर खपवू नयेत. बातम्यांत सरसकट तेच होतं आणि माझं डोकं तिथेच फिरतं.

भटक्या_सांगलीकर | बुधवार, संध्याकाळी ६:१५

मग लडाखात पर्माफ्रॉस्ट आहे की नाही? की तोही बातम्यांतलाच?

नळदुर्गकर | बुधवार, संध्याकाळी ७:००

आहे. खारदुंगलाच्या वाटेवर साऊथ पुल्लू लागतं, तिथेच रुडकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेच्या लोकांनी जमिनीच्या तापमानाच्या नोंदी घेतल्या आहेत. आपण तिथे मॅगी खातो, ते मोजत होते.

अश्मजा | बुधवार, रात्री ९:२०

हो. आणि लाहौल-स्पितीत, लडाखात रॉक ग्लेशियर भरपूर आहेत. उपग्रहाच्या फोटोंवरून नकाशेही झालेत. पण त्यांच्या खालच्या तळ्यांचं पाणी वर्षानुवर्षं एकाच पद्धतीने तपासलेलं असावं लागतं. रासासची गोष्ट कळली ती १९८० च्या दशकात कुणीतरी बाटली भरून नेली होती म्हणून. नाहीतर २००५ च्या आसपास निकेल सापडलं असतं आणि सगळे म्हणाले असते, इथलं पाणी पहिल्यापासून असंच.

सांगलीकर, तुमच्या लडाखात आणखी दोन भानगडी आहेत. एक म्हणजे निकेल. सिंधू नदीच्या पट्ट्यात, न्योमा-निदरच्या बाजूला, जुन्या समुद्रतळाचे ओफियोलाइट खडक आहेत. त्यांत मुळातच निकेल आणि मॅग्नेशियम जास्त असतं. तिथल्या ओढ्यात निकेल सापडलं तर बर्फ वितळला असं म्हणता येणार नाही. दुसरी म्हणजे पुगाची गरम पाण्याची कुंडं. त्या पाण्यात बोरॉन, गंधक सगळं आहे. पुगाच्या खालच्या अंगाला पाणी भराल आणि इथे येऊन "सल्फेट वाढलं!" म्हणाल, तर चिंतू तुम्हाला कच्चं खातील.

उलट चुनखडीच्या खोऱ्यात आम्ल तयार झालं तरी चुना ते जिरवतो. सल्फेट आणि कॅल्शियम वाढतं, पण सामू जागचा हलत नाही आणि बरेचसे धातू वाटेतच खाली बसतात. दोन खोऱ्यांत बर्फ तेवढाच, ऊनही तेवढंच, पण खडक वेगळा म्हणून पाणी वेगळं. मला कुणी तळ्याबद्दल विचारलं तर मी आधी भूशास्त्रीय नकाशा मागते, तापमानाचा आलेख नंतर.

चिकित्सक_चिंतू | बुधवार, रात्री १०:०५

हे पटलं. (कच्चं खात नाही, शाकाहारी आहे.)
एक शंका. साठलेलं सुटतंय असं असेल तर बर्फ संपला की थांबेल. दगडच झिजतोय असं असेल तर बर्फ संपल्यावरही चालूच राहील. बरोबर?

अश्मजा | बुधवार, रात्री १०:३५

अगदी. वाद नेमका इथेच आहे. २००७ च्या लेखात लिहिलं होतं की इतकं निकेल तिथल्या खडकावरून समजावता येत नाही, म्हणून बर्फाकडे बोट होतं. नंतरच्या कामात सल्फाइड आणि आम्लाची बाजू बळकट झाली. मला स्वतःला वाटतं की दोन्ही एकत्र चालतं. आम्लाने सुटलेले धातू थंड वर्षांत बर्फात अडकून राहतात आणि ऊबदार वर्षांत एकदम खाली येतात. तसं असेल तर बर्फ संपल्यावर उसळी थांबेल, पण गळती पुढेही राहील.

लॅबवाली | गुरुवार, सकाळी ९:१०

कुणी सप्टेंबरात जाणार असेल तर नमुना कसा घ्यायचा ते सांगून ठेवते, कारण लोक बिसलेरीच्या बाटलीत भरून आणतात आणि मग आम्ही कपाळाला हात लावतो.

सप्टेंबर मुद्दाम म्हटलं. जूनमध्ये वरचा स्नो वितळून सगळं पाणी पातळ करतो, तेव्हा काही दिसत नाही. उन्हाळा सरताना तळ्याला मिळणाऱ्या पाण्यात जमिनीतल्या बर्फाचा वाटा मोठा असतो. आधी थर्मामीटर बुडवा. रॉक ग्लेशियरच्या पायथ्याचा झरा भर दुपारीही शून्य ते दोन अंशांत असतो. आठ-दहा अंश आलं तर तो झरा बहुतेक दुसऱ्या कुठल्या पाण्याचा.

दर जागेला दोन बाटल्या, एचडीपीई प्लास्टिकच्या. त्याच पाण्याने तीनदा विसळायच्या. पाणी सिरिंजला लावलेल्या ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून भरायचं. एका बाटलीत शुद्ध नायट्रिक आम्लाचे थेंब टाकायचे, म्हणजे धातू बाटलीच्या भिंतीला चिकटत नाहीत. ही धातूंसाठी. दुसरीत काहीच टाकायचं नाही, ती सल्फेट-नायट्रेटसाठी. एकीवर मोठ्ठा 'आ' लिहा, नाहीतर अदलाबदल होते आणि नायट्रिक टाकलेल्या बाटलीत नायट्रेट मोजलं की आकडा आकाशाला भिडतो. सामू आणि विद्युतवाहकता मात्र जागेवरच मोजा. तिसरी बाटली डिस्टिल्ड वॉटरची न्या आणि तिलाही तिथेच गाळून भरा. तिच्यात निकेल निघालं तर ते तळ्याचं नव्हे, तुमच्या सिरिंजचं.

भटक्या_सांगलीकर | गुरुवार, सकाळी ९:५५

नायट्रिक विमानात नेऊ देतात का?

लॅबवाली | गुरुवार, सकाळी १०:०२

नाही! आम्ल बाटलीत आधीच भरून नेऊ नका, बॅगेतही ठेवू नका. धातूंची बाटली नुसती गाळून आणा. आणल्यावर आम्ही आम्ल टाकतो आणि दिवसभर तशीच ठेवून मग यंत्रावर घेतो. तोवर उन्हात ठेवू नका आणि अर्ध्या वाटेत झाकण उघडून वास घेऊ नका. लॅबला फोन करून "आयसीपी-एमएस (अगदी कमी धातूही मोजणारं यंत्र) आहे का" ते आधी विचारा. नुसतं "हेवी मेटल टेस्ट करता का" विचारलंत तर हो म्हणतील, आणि रिपोर्टवर निकेलसमोर "आढळले नाही" येईल, कारण त्यांचं यंत्र तेवढं खाली मोजतच नसेल.

नळदुर्गकर | गुरुवार, सकाळी १०:४०

आणि जागेचे अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, पाण्याचं तापमान बाटलीवरच लिहा. बॉलपेनने नको, पाण्याने जातं. परमनंट मार्कर घ्या आणि वर सेलोटेप.